रेडकर सरांची करडई

आमच्या स्टाफरूममध्ये प्रत्येकाची खुर्ची ठरलेली होती. रेडकर सरांचीही होती, पण ते तिच्यावर कधी बसतच नसत. त्यामुळे आधी तिच्यावर हस्तकलेची एक पेटी आली, मग दुसरी, आणि पुढे ती खुर्ची पेट्यांचीच झाली. सर यायचे, जनेलापाशी, म्हणजे खिडकीपाशी, उभे राहायचे, मैदानावर एक नजर टाकायचे, पँटच्या खिशातून चिमूटभर करडई काढून तोंडात टाकायचे आणि कडकड चावायचे. कुणी "सर, बसा ना" म्हणेपर्यंत बाहेर. जाता जाता एक वाक्य ठरलेलं, "बसलेल्या माणसाक गंज चढता, टीचर."

मी भाषा शिकवते. माझं सगळं काम बसून. ते वाक्य मलाच उद्देशून आहे असं मला वाटायचं आणि पुढचे दोन तास मी उगीचच वर्गात उभी राहून शिकवायचे.

आमची शाळा पेडणे तालुक्यात, मोप्याच्या सड्याच्या, त्या कातळी पठाराच्या, पायथ्याशी. सर शारीरिक शिक्षणाचे. तेरेखोल नदीपलीकडच्या गावातून रोज मोटरसायकलने यायचे, गोव्यात तीस वर्षं नोकरी करूनही बोलणं सगळं मालवणी. विमानतळ होण्याआधी ते मुलांना सड्यावर धावायला न्यायचे. आता तिथे कुंपण आहे. शाळेमागच्या एवढ्याशा मैदानावर मुली गोल गोल धावत आणि डोक्यावरून विमान गेलं की सर मान वर करून म्हणत, "विमानांक धावपट्टी झाली. माझ्या चेडवांक खय?" उत्तराची वाट न बघता शिट्टी.

करडईचं खूळ त्यांना सोलापूरकडून लागलं. एकदा ते मुलींचा संघ घेऊन तिकडे स्पर्धेला गेले होते. आमच्या मुली सपाटून हरल्या. तिथल्या मुली दुपारच्या डब्यात भाकरीबरोबर करडईची चटणी खाताना सरांनी पाहिल्या आणि संपलंच. तिथली हवा वेगळी, मैदान मोठं, मुली चार वर्षं सराव करणाऱ्या, हे आम्ही किती सांगितलं. सरांना कारण एकच लागायचं, आणि सापडलं की ते त्याला सोडत नसत. परत आल्यावर पहिल्याच शुक्रवारी ते म्हापशाच्या बाजारात गेले आणि घाटावरून धान्य घेऊन येणाऱ्या बाईकडून पाच किलो करडई घेऊन आले.

आमच्याकडे करडई माहीत आहे ती पोपटाचं खाणं म्हणून. पिंजऱ्यातल्या किराला घालतात. मला एकदा ताप आला होता तेव्हा सर घरी आले, दारातच उभे राहिले, चहाला नको म्हणाले, एक डबा माझ्या सासूबाईंच्या हातात दिला आणि गेले. सासूबाईंनी झाकण उघडून पाहिलं आणि मला विचारलं, "गे, तुमच्या शाळेन कीर पोसला काय?" मी हसले आणि तो डबा शेजाऱ्यांच्या किराला दिला. दुसऱ्या आठवड्यात सरांनी विचारलं, "गुण इलो?" मी हो म्हटलं. ताप उतरला होता, हे तर खरंच होतं.

हेडमास्तरांनी मात्र खाल्ली. सर समोर उभे, पळवाट नाही, म्हणून चार दाणे दाढेखाली धरले. ते टरफल दगडासारखं कडक असतं. त्यांच्या दाढेवरची टोपी निघाली. सरांनी वाईट वाटून घेतलं, पण लगेच म्हणाले, "दातांक सुद्धा व्यायाम नाय, सर, तुमच्या." हेडमास्तर तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत आणि सरांच्या ते लक्षातही आलं नाही.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, आणि तसंच राहिलं असतं, पण एक दिवस सर माझ्या मेजापाशी आले. हातात छापील कागद. भाच्याने संगणकावरून काढून दिलेला, इंग्रजीतला. वाळवलेल्या करडईत काय काय असतं त्याचा तक्ता होता.

"टीचर, तुमचा अक्षर बरा. ह्या मराठीत मोठ्या चार्टार लिवन देवात. पोरांक रोज दिसाक व्हया."

मी लिहायला घेतलं. शंभर ग्रॅममध्ये प्रथिनं सोळा ग्रॅमच्या वर. स्निग्ध पदार्थ अडतीस. कॅलरी पाचशे सतरा. मॅग्नेशियम भरपूर, फॉस्फरस भरपूर, तांबं, जीवनसत्त्व बी वन. खरं सांगायचं तर मी चकितच झाले. किराचं खाणं म्हणून हसत होतो त्यात एवढं असेल असं मला वाटलं नव्हतं. मग मी निळ्या शाईने वेलबुट्टीची चौकट काढली, वर लाल अक्षरांत शीर्षक घातलं: वाळवलेल्या करडईचे पोषणमूल्य.

मूळ कागदावर, तक्त्याच्या डोक्यावर, आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिलेली होती. हे आकडे टरफल काढलेल्या गराचे आहेत. ती ओळ मी वाचली होती. पण ते शब्द घातले की शीर्षक दुसऱ्या ओळीवर जात होतं आणि वेलबुट्टी बिघडत होती. शीर्षक एका ओळीत बसलं पाहिजे, हा आम्हा भाषेच्या माणसांचा नाद. मी ते शब्द गाळले. तेव्हा त्यात काही वाटलं नाही.

तो चार्ट सरांनी क्रीडासाहित्याच्या खोलीच्या दारावर लावला. मुली व्हॉलीबॉल न्यायला आल्या की त्यांना दोन ओळी म्हणून दाखवाव्या लागत. "पाचशे सतरा" हा तर शाळेत चेष्टेचा शब्द झाला. कुणी जिना धावत चढला की मुलं ओरडायची, पाचशे सतरा. सर खूश. "आकडो खोटा बोलणा नाय," ते म्हणायचे. "माणूस बोलात. आकडो नाय."

आणि त्याच वर्षी मयुरी निवडली गेली.

मयुरी आठवीतली. काटकुळी, लांब पायांची, वर्गात झोपाळू आणि मैदानावर वेगळीच. तिचे वडील आधी डिचोलीच्या खाणींवर ट्रक चालवायचे. खाणी बंद पडल्यावर मिळेल तिथे डंपर चालवू लागले. आई सुनंदा काजूच्या कारखान्यात. आठशे मीटरमध्ये मयुरी निवड चाचणीत पहिली आली आणि राज्याबाहेरच्या एका क्रीडा वसतिगृहासाठी तिचं नाव लागलं. राहणं, खाणं, शिक्षण, प्रशिक्षण सगळं तिथे. आमच्या शाळेतून असं कुणीच गेलं नव्हतं. पण तपासणीत डॉक्टरांनी सांगितलं की वजन कमी आहे. निदान अडतीस किलो हवं, मुलगी छत्तीस किलो दोनशे. जानेवारीअखेर पुन्हा तपासू, तोवर वाढवून आणा. आणि वयाच्या अटीमुळे हे तिचं शेवटचं वर्ष.

दोन किलोसुद्धा नाही. आम्हाला वाटलं, होईल. सर तर त्या दिवशी मैदानाला उगीचच दोन फेऱ्या मारून आले.

त्यांनी करडई भाजली, टरफलासकट दळून आणली, गूळ घालून लाडू वळले. सकाळी सरावाआधी दोन, दुपारी दोन, घरी जाताना दोन. चार्टावरचे आकडे धरून वहीत हिशेब मांडला: रोज एवढ्या कॅलरी जास्त, म्हणजे आठवड्याला एवढं वजन, म्हणजे नाताळापर्यंत अडतीस पार. वही दिवसातून चार वेळा उघडून बघायचे. मयुरी लाडू खाताना तोंड वेडंवाकडं करी, घशात टोचतं म्हणे. पण खायची. सर सांगतात म्हणजे खायचं, एवढंच तिला ठाऊक होतं.

पहिल्या आठवड्यात काटा हलला नाही. सर म्हणाले, अंगात मुरता. दुसऱ्या आठवड्यात हलला नाही. सरांनी काटा बदलला. रेशनच्या दुकानातल्या काट्यावर नेऊन तोलली, मग दवाखान्यातल्या. तिन्ही काटे एकच सांगत होते. मग त्यांनी दोन लाडू वाढवले. स्टाफरूममध्ये येऊन जनेलापाशी उभे राहत, मध्येच माझ्याकडे वळून विचारत, "टीचर, आकडे तुमी बराबर लिवल्यात मगो?"

"बरोबर लिहिलेत, सर."

मी खोटं बोलत नव्हते. आकडे बरोबरच होते. पण त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मला ती गाळलेली ओळ आठवली. सांगावं असं वाटलं, आणि लगेच वाटलं की एवढ्याने काय फरक पडणार, आणि सांगितलं तर हे आपल्याला तासभर मैदानावर उभं करून हिशेब समजावतील. घंटा झाली. मी वर्गात गेले. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. असे आणखी दहाबारा दिवस गेले. याचा मला आजही राग येतो, माझाच.

पाच आठवड्यांनी मयुरी पस्तीस किलो आठशे भरली. वाढायचं सोडून उतरली होती. सरावात पोट धरून बसायला लागली. त्या दिवशी सर तिच्या घरी निघाले आणि मलाही बरोबर घेतलं, आईशी बोलायला बाई माणूस असलेली बरी म्हणून.

सुनंदा नुकतीच कारखान्यातून आली होती. बोटं काजूच्या तेलाने काळी पडलेली. सरांना बसायला कदेल दिलं, ते बसले नाहीत. तिने बोलायला सुरुवात केली ती जरा रागातच.

"सर, तुमचे लाडू खाता आणि रातचा जेवणच घेत नाय. पोट भरलाहा म्हणता. आनी सकाळी पोटात कळ. तुमी कितें घालतात त्यात?"

सरांनी खिशातून करडई काढून तिच्या हातावर ठेवली. चार्ट पाठच होता, तो म्हणून दाखवला. सोळा, अडतीस, पाचशे सतरा.

सुनंदाने एक दाणा दोन बोटांत धरला, उलटसुलट पाहिला आणि नखाने फोडला. तिच्या हाताला ते इतकं सहज जमलं की मी बघतच राहिले. पांढरं टरफल एकीकडे, आत एवढासा गर. तिने दोन्ही हातावर ठेवून विचारलं, "ह्यो आकडो कशाचो, सर? बियेचो काय गराचो?"

सर तिच्या हातावरचं टरफल उचलून बघायला लागले.

"आमच्याकडे बी तोलतात ती वेगळी, गर तोलतात तो वेगळो. बिये-गराक एकच मोल दिला तर कारखानो दोन दिसांत बंद पडात." मग तिचा आवाज खाली आला. "तुमी पोरीक साल घातली, सर."

तिथून आम्ही थेट शाळेत आलो. शाळा सुटून गेली होती, तरी त्यांनी प्रयोगशाळा उघडायला लावली. शंभर दाणे मोजून घेतले, एकेक फोडला. मीही फोडायला बसले, माझी नखं दुखायला लागली. शेवटी टरफलं एका पारड्यात, गर दुसऱ्या पारड्यात. जवळजवळ निम्मंनिम्म. लाडवातल्या करडईचं अर्धं वजन म्हणजे नुसता कोंडा. तो तिचं पोट भरत होता, भूक मारत होता, आणि वर ती रोज आठ फेऱ्या धावत होती.

"तो इंग्रजी कागद असा?" सरांनी विचारलं.

माझ्या खणात होता. मी काढून दिला. इंग्रजी त्यांना बेताचंच येई, बोट ठेवून वाचत. बोट वरच्या ओळीवर थांबलं. त्यांनी ती ओळ वाचली, मग पुन्हा वाचली. "सर, मी..." एवढं माझ्या तोंडून निघालं.

"बरा," ते म्हणाले. कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि मोटरसायकल काढायला गेले.

दुसऱ्या दिवशी दारावरचा चार्ट नव्हता. प्रार्थनेनंतर ते सगळ्या शाळेसमोर उभे राहिले आणि सांगितलं की मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. करडई चांगली आहे, पण आकडे गराचे होते आणि मी टरफलासकट खायला लावलं. चूक माझी आहे. मागे कुणीतरी पाचशे सतरा म्हटलं आणि दोनचार मुलं हसली. सर त्यांच्यावर ओरडले नाहीत. मी रांगेच्या शेवटी उभी होते. ते माझं नाव घेतील म्हणून माझं अंग आक्रसलं होतं, आणि घेतलं नाही तेव्हा आणखीच.

मला वाटलं, आता करडई संपली. पण सुनंदानेच ती सोडू दिली नाही. तिचं म्हणणं साधं होतं. गर चांगला आहे, तर साल तेवढी काढा. एवढे दाणे कोण फोडत बसणार, तर त्यालाही तिच्याकडे उत्तर होतं. "नाल्लाचो रोस काढतात तसो काढा." म्हणजे नारळाचं दूध काढतात तसं: रात्रभर भिजत घालायची, सकाळी वाटायची आणि फडक्यातून पिळायची. टरफल फडक्यात राहतं, दूध खाली उतरतं. घाटावरची माणसं असंच करतात, हे आम्हाला मागाहून म्हापशाच्या बाजारात त्या धान्यवालीने सांगितलं. इतकी वर्षं सर तिच्याकडून करडई घेत होते आणि तिला कधी विचारलं नव्हतं, की तुम्ही हे खाता कसं.

मग क्रीडासाहित्याच्या खोलीत मिक्सर आला, पातेलं आलं, मलमलीचं फडकं आलं. सकाळी शाळा भरायच्या आधी सर बाह्या वर करून करडई पिळत. पहिलं दूध, मग पाणी घालून दुसरं, आणि तेही पुन्हा गाळायचं, कारण एखादी जरी साल राहिली तरी घशात टोचते. त्यात गहू शिजवून, गूळ आणि खोबरं घालून खीर. मयुरी वाटी चाटूनपुसून खायची, आणि घरी रात्रीचं जेवणही पुन्हा घ्यायला लागली.

एका सकाळी मी तिथे गेले होते. खरं तर मी रोजच काहीतरी निमित्त काढून जात होते, पातेलं धुवायला, फडकं वाळत घालायला. सर अस्वस्थ होते. पातेल्यात बघत होते.

"टीचर, ह्या दुधात किती असात?"

"काय किती?"

"प्रथिना. कॅलरी. साल गेली तां बरा झाला, पण गरातला सगळा उतारता काय अर्धा फडक्यातच रवता? ह्याचो तक्तो खय गावना नाय."

मी म्हटलं, मीही शोधला, मलाही मिळाला नाही. आकड्याशिवाय काही करणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. मग त्यांनी फडकं उचललं आणि आधीपेक्षा जोर लावून पुन्हा पिळलं.

वजन वाढायला लागलं. छत्तीस. छत्तीस पाचशे. सदतीस. सर आता तिला रोज तोलत नसत, फक्त सोमवारी. बाकीचे सहा दिवस ते कसे काढत होते ते आम्ही बघत होतो. मैदानावरून स्टाफरूम, स्टाफरूममधून दवाखाना, दवाखान्यातून पुन्हा मैदान. शिपाई म्हणाला, सरांच्या पायाखालची फरशी झिजणार. मार्चमध्ये ते निवृत्त व्हायचे होते, पण त्याविषयी कुणी बोललेलं त्यांना ऐकू येत नव्हतं.

पुढे ते झालेही निवृत्त. आम्ही शाल दिली, त्यांनी ती उभ्यानेच घेतली. मयुरी आता फोंड्याला कॉलेजात आहे, अजून धावते, स्पर्धांत नाव येतं. पण ते वसतिगृह, ते प्रशिक्षण मिळालं असतं तर ती कुठे असती, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. सर मला नंतर दोनदा भेटले, एकदा बाजारात आणि एकदा एका लग्नात, आणि दोन्ही वेळा छान बोलले. तरी त्यांचं नाव निघालं की मला दिसतं ते त्या जानेवारीतल्या फेरतपासणीचं ऑफिस.

आम्ही तिघं गेलो होतो, सर, मयुरी आणि मुलीबरोबर बाई हवी म्हणून मी. मयुरी आत काट्यावर चढली. सर दाराबाहेर येरझारा घालत होते. डॉक्टर बाई भल्या होत्या, त्यांनी तिला दोनदा तोललं, दुसऱ्यांदा काट्याची जागा बदलून. सदतीस किलो चारशे. सहाशे ग्रॅम कमी.

चार आठवड्यांत सोळाशे ग्रॅम वाढली होती. आधीचे पाच आठवडे फुकट गेले नसते तर ती आरामात पार झाली असती. हा हिशेब मी तिथे उभ्या उभ्या केला. सरांनीही केला असणार.

बाहेरच्या मेजावरच्या कारकुनाने फॉर्मवर लिहिलं: अपात्र, वजन कमी. मयुरीला ते कळायला थोडा वेळ लागला. मग ती माझ्या खांद्याशी तोंड लपवून रडायला लागली.

सर मेजाशी गेले. "हयसर माझा नाव लिवा," ते म्हणाले.

"कुठे?" कारकून म्हणाला.

"कारण लिवल्यात ना, त्याच्या फुडे. पोरीन सांगलेला सगळा खाल्ला. एक दीस चुकवूक नाय. देणाऱ्याची चूक असा."

"सर, असला रकाना नाही फॉर्मवर."

"मग खाली लिवतंय."

"लिहा. पण ते कुणी वाचणार नाही."

"तुमी वाचलात ना. पुरे."

त्यांनी खिशातून पेन काढलं. वाकून, मेजावर एक हात टेकून, आपल्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहायला लागले. मी मयुरीला धरून मागे उभी होते, मला प्रत्येक शब्द दिसत होता. मुलीने दिलेले सर्व खाणे नियमित घेतले. खाण्यात चूक माझी झाली. आणि खाली सही, भि. रेडकर.

सहीनंतर कागदावर एका नावापुरती जागा उरली होती. सरांनी ती पाहिली. मान वळवून माझ्याकडे बघितलं नाही, पेनाचं टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं. मी ते मागितलं नाही.